लिफ्टवर ठेवलेली जुनी गाडी: चाकं लोंबकळत राहिली तर काय बिघडतं आणि काय करावं

जुनी, जपलेली गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असते. जागा वाचावी किंवा टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून अनेक जण ती लिफ्टवर चढवून ठेवतात. लिफ्ट दोन खांबी असेल तर गाडी चेसिसला किंवा बॉडीच्या खालच्या कडेला आधार देऊन उचलली जाते. चाकं, ॲक्सल, चाकाला गाडीशी जोडणारे सस्पेन्शनचे आर्म असं सगळं खाली लोंबकळतं. ते दृश्य पाहिलं की मालकाच्या मनात पहिली शंका येते ती स्प्रिंगची. महिनोन्‌महिने अशी राहिली तर ती ढिली पडेल का?

स्प्रिंगची काळजी सोडून द्या. गाडी जमिनीवर उभी असते तेव्हा स्प्रिंग तिचं वजन पेलत असते आणि गाडी उचलली की तो भार उतरतो. म्हणजे लोंबकळत असताना स्प्रिंग एरवीपेक्षा जास्त आरामात असते. लोंबकळण्याचा खरा फटका बसतो तो रबराला: बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर), बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), ब्रेकचे होज (लवचीक नळ्या), ॲक्सल फार खाली जाऊ न देणारे पट्टे. या लेखातली जवळजवळ प्रत्येक सूचना रबर वाचवण्यासाठी आहे. उरलेल्या सूचना माणूस वाचवण्यासाठी आहेत, आणि त्या आधी पाळायच्या.

रबराला नेमकं काय होतं

बहुतेक जुन्या गाड्यांच्या आर्ममध्ये जो रबरी बुश असतो, त्यात मध्ये लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर असतं. मधली नळी बोल्टने आवळून टाकलेली असते, ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्ममध्ये दाबून बसवलेलं असतं, तेही आर्मच्या आत फिरत नाही. मग आर्म वर-खाली होतो तो कसा? मधलं रबर पिळलं जातं म्हणून. गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना या रबरात पीळ नसावा, अशा बेताने ते आवळलेलं असतं. चाक खाली लोंबलं की ओलं फडकं पिळावं तसा रबराला पीळ बसतो आणि गाडी वर असेपर्यंत तो तसाच राहतो.

पीळ किती बसतो याचा हिशोब घरी करता येतो. आर्मची लांबी ३०० मिलिमीटर असेल आणि चाक १०० मिलिमीटर खाली गेलं, तर आर्म साधारण १९ अंशांनी फिरतो. पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला ॲक्सल घ्या. पुढच्या बुशपासून ॲक्सलपर्यंत ६०० मिलिमीटर असतील, तर तेवढ्याच लोंबण्याने ढोबळमानाने ९-१० अंशच होतात. म्हणजे आखूड आर्म असलेल्या गाडीचे बुश जास्त पिळले जातात. एकच लिफ्ट, तेवढेच महिने, तरी एका गाडीचे बुश टिकतात आणि दुसरीचे फाटतात, त्याचं एक मोठं कारण हे.

रबर दीर्घकाळ ताणात राहिलं की हळूहळू त्या आकाराला सरावतं. ताण काढला तरी ते पूर्ण मूळ जागी येत नाही. जागा उष्ण असेल तर हे आणखी लवकर होतं. रबर आधीच तीस-चाळीस वर्षांचं असेल, तर ते नळीपासून सुटायला किंवा कडेला चिरायला निमित्तच हवं असतं.

दुसरी गोष्ट ओझोनची. हवेतला थोडासा ओझोनही नैसर्गिक रबराला भेगा पाडतो, आणि या भेगा ताणलेल्या रबरातच पडतात, ताणाच्या दिशेला आडव्या. सैल पडलेलं रबर यातून बरंच वाचतं. कार्बन ब्रश असलेल्या विजेच्या मोटर आणि आर्क वेल्डिंग यातून ओझोन तयार होतो. म्हणून जिथे वेल्डिंग चालतं किंवा ड्रिल-ग्राइंडर दिवसभर फिरतात, तिथे चाकं लोंबकळवून गाडी ठेवणं मला अजिबात पटत नाही.

लिफ्ट कोणती, हे आधी ठरवा

चार खांबी लिफ्टवर गाडी दोन लांब पट्ट्यांवर चढते आणि आपल्या चाकांवरच उभी राहते. सस्पेन्शनला कळतही नाही की आपण जमिनीपासून दोन मीटर वर आहोत. लिफ्ट अजून घ्यायची असेल आणि तिचा मुख्य उपयोग साठवणीचा असेल, तर चार खांबीच घ्या. खाली दुसरी गाडी लावायची असेल तर मग विचार करायलाही काही उरत नाही. टायर दबण्याची भीती वाटते, पण त्यावर सोपे उपाय आहेत आणि टायर शेवटी बदलता येतो.

दोन खांबी लिफ्ट दुरुस्तीच्या कामासाठी आहे. चाकं मोकळी राहावीत हाच तिचा फायदा. ती साठवणीला वापरता येते, पण मग पुढची सगळी काळजी घ्यावी लागते. चार खांबी लिफ्टच्या पट्ट्यांमध्ये बसणारा सरकता जॅक वापरून एक ॲक्सल उचलून ठेवला, तर तिथेही चाकं लोंबकळतातच, हे ध्यानात असू द्या.

गाडीखाली वाकून सस्पेन्शन ओळखा

एकच नियम सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. काही ओळखीच्या गाड्या घेऊन सांगतो.

एमजीबीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर सरळ ॲक्सल आहे आणि तो फार खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे आहेत. गाडी लोंबकळली की ॲक्सल, डिफरन्शियल, ड्रम आणि चाकं यांचा भार शेवटी या पट्ट्यांवर येतो. पट्टे जुने असतील तर त्यांच्या बोल्टच्या भोकापाशी धागे सुटलेले दिसतात. लिफ्टवर चढवण्याआधी ते बदलून टाका. मोठं काम नाही.

अनेक गाड्यांना असे पट्टे नसतात. तिथे लांब शॉक ॲब्सॉर्बर हाच खालचा थांबा असतो. दांडा पूर्ण बाहेर येतो आणि आतला अडसर चाकाचा भार धरून ठेवतो. चाकाचं वजन आणि स्प्रिंगचा उरलेला जोर, दोन्ही त्याच्यावर. थोडा वेळ यात काही गैर नाही, पण गळका किंवा खिळखिळा शॉक वर्षभर या कामाला लावू नये.

जुनी बीटल किंवा १९५९ साली आलेली ट्रायम्फ हेराल्ड यांना मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे ॲक्सल मधल्या सांध्यातून वर-खाली झुलतात. गाडी उचलली की मागची चाकं खालून आत वळतात आणि दोन्ही टायर पाय दुमडल्यासारखे तिरके होतात. बीटलच्या ॲक्सल ट्यूबवरचे रबरी बूट एका बाजूने ताणले जातात, दुसऱ्या बाजूने चुरगळतात. या बुटांना तडा गेला की गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतं. अशी गाडी मी तरी लोंबकळत ठेवणार नाही.

१९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचं प्रकरण वेगळं. तिचा मागचा सगळा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा, रबरी माउंटांवर बॉडीला टांगलेला आहे. चाकं जमिनीवर असताना हे माउंट बॉडीचं वजन झेलतात. गाडी बॉडीने उचलली की भार उलटतो आणि सबफ्रेमचं वजन माउंटांना खाली ओढू लागतं. धातूला चिकटवलेलं जुनं रबर तिथेच सुटतं. पुढच्या टॉर्शन बारची (स्वतः पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची) मात्र चिंता नको, तो पोलादाचा आहे.

मूळ मिनीत स्प्रिंगच्या जागी रबरी शंकू आहेत. लोंबकळताना शंकूंवरचा दाब जातो, त्यांना बरंच वाटतं. पण त्यांच्या दांड्याच्या टोकाचा गोळा आपल्या वाटीतून सरकू शकतो, विशेषतः शॉक काढलेला असेल तर. गाडी उतरवण्याआधी तिथे हात लावून बघायचं.

आणि तुमच्या गाडीत रबरी बुशऐवजी पितळी किंवा ब्राँझचे, ग्रीस भरायचे बुश असतील, जसे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत सर्रास असत, तर पीळ बसण्याचा प्रश्नच नाही. ताजं ग्रीस भरा आणि पुढे चला. पॉलियुरेथेनचे बुशही बहुधा आपल्या नळीवर फिरतात, त्यांनाही पीळ बसत नाही.

उचलण्याआधी एक मोजमाप

गाडी सपाट जमिनीवर उभी करा, थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. मग चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर अंतर मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. ते लिफ्टच्या खांबावरच चिकटवून ठेवलेत तर उत्तम. पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवर होतात. गाडी वर गेल्यावर हेच अंतर परत मोजलं की चाक किती लोंबलं ते मिलिमीटरमध्ये कळतं. बुश बदलायचा झाला, तरी बोल्ट याच उंचीला शेवटचा आवळायचा असतो. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट पक्का आवळणं ही फार नुकसानीची गोष्ट आहे. गाडी खाली आली की तो बुश कायमचा उलट्या पिळात अडकतो आणि काही महिन्यांत फाटतो.

उचलताना

लिफ्टचे पॅड कुठे लावायचे ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. पण जुन्या गाडीत मॅन्युअलमधली जागा आज तितकीच मजबूत आहे का, हे बघावं लागतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला किंवा रंगाखालचं पत्रं दबलं, तर आतून गंज आहे. तिथे पॅड लावू नका. चेसिस असलेल्या गाडीत चेसिसच्या सरळ भागावर पॅड लावा, फरशीच्या पत्र्यावर नाही.

इंजिन मागे असलेल्या गाडीचं वजन मागे असतं. पॅड पुढे-मागे सरकवून तोल साधायचा. चाकं जमिनीपासून जेमतेम सुटली की थांबा, गाडी हाताने हलवून बघा. डोलत असेल तर खाली घ्या आणि पॅड पुन्हा लावा.

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक तपासणी करा, ती मला फार मोलाची वाटते. दारं बंद ठेवून, दाराच्या मागच्या फटीत वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला जाड कागदाचा तुकडा सरकवून बघा, उचलण्याआधी आणि उचलल्यावर. फट वर आणि खाली वेगवेगळी बदलली, तर बॉडी वाकते आहे. छप्पर नसल्याने सगळी ताकद खालच्या कडांमध्ये असते आणि त्या गंजल्या असल्या की गाडी दोन्ही टोकांना वाकते. अशी गाडी दोन खांबी लिफ्टवर साठवू नये. आणि वर असताना तिची दारं उघडू तर नयेच, कारण पुन्हा बंद होतील याची खात्री नसते.

हव्या त्या उंचीवर आलं की लिफ्ट थोडी खाली सोडून यांत्रिक लॉकवर बसवा. लिफ्टच्या चारही आर्मचे लॉक आणि दोन्ही खांबांचे लॉक लागल्याचं डोळ्यांनी बघा. गाडी तेलाच्या दाबावर सोडून जायचं नाही. सील गळली की दाब जातो. लॉकवर बसवल्यावर लिफ्टचा मुख्य विद्युत स्विच बंद करा.

वर गेल्यावर काय बघायचं

टॉर्च घ्या आणि एकेका चाकापाशी सावकाश थांबा. ब्रेकचा होज ताणला आहे का? त्यात ढील असलीच पाहिजे. ताणलेल्या तारेसारखा तो सरळ झाला असेल, तर ती गाडी इतकी लोंबता कामा नये. पाट्यांच्या स्प्रिंगच्या मागच्या टोकाला जी शॅकल (स्प्रिंगला चेसिसशी जोडणारी झुलती कडी) असते, ती बघा. भार उतरल्यावर पाटे जास्त गोल होतात, त्यांची लांबी कमी होते आणि शॅकल पुढे ओढली जाते. ती जवळजवळ आडवी झाली असेल किंवा चेसिसला टेकली असेल, तर उतरवताना उलटी अडकू शकते. गोल स्प्रिंग असेल तर ती हाताने फिरवून बघा. सहज फिरली, तर ती आपल्या बैठकीतून सुटली आहे. ड्राइव्ह शाफ्टच्या बुटांच्या घड्या बोटाने उघडून आत बघा, कारण बारीक भेग घडीच्या तळाशी लपलेली असते.

मग पुन्हा हबपासून मडगार्डपर्यंत मोजा.

किती दिवस चालेल?

ठाम आकडा कोणी सांगितला तर त्यावर फार विसंबू नका. सगळं रबराच्या वयावर आणि कोनावर आहे. माझा स्वतःचा निकष असा: काही आठवडे कुठल्याही निरोगी गाडीला चालतं. दुरुस्तीत गाड्या तशा राहतातच. दोन-तीन महिन्यांच्या वर जायचं असेल आणि बुश जुने असतील, तर लोंबणं कमी करण्याची व्यवस्था करा. आखूड आर्म, स्विंग ॲक्सल, रबरी माउंटांवरचा सबफ्रेम, यातलं काही असेल तर हंगामभराच्या साठवणीसाठी सुरुवातीपासूनच.

लोंबणं कमी कसं करायचं

खाली गाडी लावायची नसेल, तर सगळ्यात चांगला उपाय सोपा आहे. गाडी उंच नेऊच नका. लिफ्टच्या सगळ्यात खालच्या लॉकवर बसवा आणि चाकांखाली भक्कम लाकडी फळ्यांचे थर घाला. थर घालताना लिफ्ट थोडी वर घ्यायची, फळ्या सरकवायच्या, परत लॉकवर बसवायची. हबपासून मडगार्डपर्यंतचं अंतर जमिनीवरच्या आकड्याच्या १०-२० मिलिमीटरच्या आत आलं की झालं. सस्पेन्शन जवळजवळ आपल्या उंचीवर, टायरवर भार कमी आणि पॅड आधाराला तयार. फळ्या चाकापेक्षा रुंद हव्यात आणि एकावर एक आडव्या-उभ्या रचून खिळवलेल्या हव्यात.

गाडी वरच ठेवायची असेल आणि मागे सरळ ॲक्सल असेल, तर गाडी जमिनीवर असतानाच ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना भार-क्षमता छापलेला रॅचेट पट्टा बांधता येतो. मग उचलल्यावर ॲक्सल पट्ट्याच्या लांबीइतकाच खाली येतो. इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. पट्टा बांधला की स्प्रिंग दाबलेली राहते. १,१०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी २७५ किलो येतात. स्प्रिंगचा जोर त्याच घरातला असतो आणि तो पट्ट्यात साठतो. म्हणून पट्ट्याची क्षमता त्याच्या कितीतरी पट असावी, पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा धारदार कडेवरून जाऊ नये, आणि तो पूर्ण उंचीला न बांधता अर्धं लोंबणं राहू द्यावं. पीळ अर्धा झाला तरी रबराला खूप फरक पडतो. पट्टा सोडायचा तो गाडी चाकांवर परत उभी राहिल्यावरच.

उंच खांबी स्टँड आर्मखाली लावून सस्पेन्शन वर दाबण्याचा उपाय काही जण सांगतात. उंचावर लोंबकळणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही. स्टँड जरा जास्त वर घेतला की गाडी पॅडवरून उचलली जाते आणि तोल पॅडवरून स्टँडच्या टोकावर जातो. दुसरा एक सल्ला मिळतो तो बुशचे बोल्ट सैल करून ठेवण्याचा. तत्त्वतः तो बरोबर आहे, पीळ खरंच जातो. पण सहा महिन्यांनी एखादा बोल्ट आवळायचा राहिला, तर त्याचा परिणाम रस्त्यावर भोगावा लागतो.

इतर गोष्टी, थोडक्यात

शॉकचा दांडा उघडा असेल तर त्याच्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. पूर्ण बाहेर आलेल्या दांड्याच्या क्रोमवर दमट हवेत गंजाचे ठिपके पडतात आणि गाडी उतरवल्यावर तेच ठिपके सील फाडतात. हे तेल रबराला लागू देऊ नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. रबरासाठी सिलिकॉनचं ग्रीस वापरा.

हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. चार खांबी लिफ्टवर मात्र मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेत. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साठवणीआधी ते ताजं भरलेलं चांगलं. बॅटरी काढा. खाली दुसरी गाडी असेल तर वरच्या गाडीखाली ट्रे लावा. जुनी गाडी तेल गाळतेच, आणि ब्रेक ऑइलचा थेंब खालच्या गाडीचा रंग उतरवतो.

महिन्यातून एकदा लॉक, पट्टे आणि फळ्या बघून घ्या, बुटांवरून बोट फिरवा.

खाली उतरवताना

घाई इथेच होते. आधी शॅकल, स्प्रिंगची बैठक आणि मिनीसारख्या गाडीत तो वाटीतला गोळा बघून घ्या. चाकं आत वळलेली असतील तर टायर जमिनीला टेकताच बाहेरच्या बाजूला घासत सरकू पाहतात. जमिनीने त्यांना धरून ठेवलं की ती आडवी ओढ थेट पॅडवर जाते आणि गाडी पॅडवरून सरकू शकते. म्हणून अशा प्रत्येक चाकाखाली गुळगुळीत पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक, मध्ये ग्रीस लावून ठेवा. टायर टेकला की वरचा पत्रा त्याच्याबरोबर सरकतो.

पूर्ण उतरल्यावर गाडी उंच दिसेल. ती पुढे-मागे काही फूट ढकला, चारही कोपरे हाताने दाबून सोडा आणि हबपासून मडगार्डपर्यंत मोजा. खांबावरच्या आकड्यांशी जुळलं तर बुश सुखरूप आहेत. एखादा कोपरा बराच उंच राहिला आणि थोडं चालवूनही खाली बसला नाही, तर तिथला बुश पिळातच अडकला आहे किंवा शॉक जाम झाला आहे. गाडी रस्त्यावर नेण्याआधी तो कोपरा उघडून बघा. पेडल दाबून ब्रेक तपासा, होज परत एकदा बघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा.